अर्ध्या बोटाचा सांधा

त्या गाण्यातल्या गिटारबद्दल लोक अजून बोलतात. साडेचार मिनिटं, एका दमात, मध्ये श्वास नाही. गेल्या पन्नास वर्षांत त्यावर किती लेख आले आणि किती पोरांनी हातात झाडू धरून आरशासमोर ती गिटार वाजवली, याची गणती नाही. खरं काय ते मात्र जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक, म्हणजे वाजवणारा, दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेला. उरले ब्लेडमास्तर.

हे नाव त्यांना स्टुडिओतल्या लोकांनी दिलेलं. त्या काळी गाणं टेपवर धरायचे आणि चुकलेला भाग काढायचा तर टेप खरोखरच कापावी लागायची. दाढीच्या ब्लेडने तिरका काप द्यायचा, दोन टोकं एकमेकांना भिडवायची, मागून चिकटपट्टी लावायची. बटण दाबून मागे जायची सोय नव्हती. कापलं ते कापलं. मास्तरांनी असे हजारो सांधे घातले असतील, पण मनात जपून ठेवलेला एकच. त्या गिटारच्या मधोमध घातलेला.

कारण साडेचार मिनिटं एका दमात वाजलीच नव्हती. सकाळी वाजवलं त्यातला पहिला अर्धा सोन्यासारखा आला आणि पुढे तार तुटली. जेवणानंतर वाजवलं त्याची सुरुवात रडतखडत झाली, पण शेवट असा की ड्रमवाल्याच्या अंगावर काटा आला. गिटारवाला डोकं धरून बसला. मास्तर त्याला म्हणाले, "तू जरा बाहेर फिरून ये बघू." तासाभराने आत बोलावून त्याला सलग तुकडा ऐकवला. त्याने तो पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस." मास्तरांनी शब्द दिला आणि पाळला. बाकीच्यांना वाटलं, दुपारी वाजवलं तेच ठेवलंय. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ज्यांनी संसार केला आहे त्यांना कळेल की ही केवढी तपश्चर्या.

आणि मग एके दिवशी फोन आला. कंपनी तो अल्बम नव्याने काढणार होती, मूळ टेपवरून, हाय-रिझोल्यूशनमध्ये. "काका, आता इतकं स्वच्छ ऐकू येतं," फोनवरची इंजिनीअर बाई म्हणाली, "की गिटारवाल्याने बोट तारेवरून उचललेलंही कळतं. तुम्ही त्या खोलीत होतात ना? गाणी बाहेर जाण्याआधी एकदा कान द्या. उद्या पाच वाजता माल पाठवायचाय."

मास्तरांनी हो म्हटलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. पन्नास वर्षं त्या सांध्यावर रेकॉर्डच्या खरखरीचा पडदा होता. आता कुणी तो पडदा ओढून काढला आणि खालून ओबडधोबड शिवण दिसली तर? कव्हरवर त्यांचं नाव नव्हतंच, कधी त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. त्यांचं म्हणून जे होतं, ते त्या कुणाला न दिसलेल्या शिवणीत होतं.

"मुलाखतीला निघालात की परीक्षेला?" दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं चुकीची लावलेली पाहून बायको म्हणाली. जिन्यावर एकट्याने जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे ती सोबत आली. पण आत बसायला तयार नव्हती. "तुमचा ढणढणाट तुम्हाला लखलाभ. मी बाहेर बसते. आयुष्यभर कापाकापी केलीत आणि घरी नखं कापायला मीच लागते."

ऐकायची खोली लहान होती, भिंतींना जाड कापड लावलेलं. इंजिनीअर बाई तिशीची, केस पेन्सिलने वर बांधलेले. तिने मास्तरांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि गाणं लावलं.

देवा रे! मास्तरांनी डोळे मिटले आणि ती जुनी खोली त्यांच्यापुढे उभी राहिली. ड्रमवाल्याच्या स्टुलाची कुरकुर, झांजेवरून सरकत गेलेली काठी, गायकाने ओळीआधी घेतलेला श्वास. गेलेली माणसं कुणी हाताला धरून परत आणून बसवावीत तसं. मग गिटार सुरू झाली. एक मिनिट गेलं, दोन गेली. मास्तरांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट झाली.

आणि तिथे, नेमकं तिथेच, ठेच लागली. अगदी एवढीशी. जिना उतरणाऱ्याला वाटावं अजून एक पायरी आहे आणि पाय जमिनीवर आपटावा, तशी.

गाणं पुढे गेलं, संपलं.

"कसं वाटलं?" बाईने विचारलं. "कंपनीतल्या तिघांनी ऐकलं. तिघंही खूश."

गप्प राहिले असते तर चाललं असतं. तिघांना कळलं नव्हतं, चौथ्यालाही कळलं नसतं. पण खोटं बोलणं त्यांच्या कानांना जमेना.

"गिटार सुरू झाल्यापासून दोन मिनिटं नऊ सेकंदांवर सांधा आहे," ते म्हणाले. "तो ऐकू येतोय. चूक माझी. तेव्हा मला वाटलं होतं की बसला. नव्हता बसला."

इंजिनीअर बाईचा चेहरा लालबुंद झाला. "काका, तो सांधा तुमचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे."

"म्हणजे?"

"टेप जुनी झाल्यामुळे चिकट झाली होती. ती मंद आचेवर शेकवून घेतली, तेव्हा तुमच्या पट्टीचा गोंद सुटला आणि टेपचे दोन तुकडे झाले. मी ते वेगवेगळे उतरवून घेतले आणि कॉम्प्युटरवर जोडले. जोडताना दिसलं की दुसऱ्या तुकड्याचा ठोका किंचित लवकर पडतोय, सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले चोवीस. मला वाटलं तुमचा हात घसरला असेल. म्हणून मी तो नीट जागेवर बसवला. तुमची चूक झाकावी म्हणून, काका. खरंच."

मास्तरांच्या पोटातून हसू फुटलं. दोन्ही हातांनी गुडघे धरून ते हसले.

"अगं पोरी! हात नव्हता घसरला. अर्ध्या बोटाच्या रुंदीएवढी टेप मी मुद्दाम कापून काढली होती. तो गिटारवाला गाढव वरच्या सुराला चढायच्या आधी कायम धावायचा. जिनासुद्धा दोन-दोन पायऱ्या टाकत चढायचा. असा धावत सुटलेला माणूस दारात उभा राहून ठोक्याची वाट बघेल का? तू त्याला दारात उभं केलंस."

भरल्या सभेत गाणारा रंगला की ऐकणाऱ्यांची टाळी त्याच्याही आधी पडते. ती टाळी चुकली असं कुणी म्हणत नाही. मास्तरांचा तो अर्ध्या बोटाचा काप तसा होता, आणि हे त्यांना सत्ताविसाव्या वर्षी कुणी शिकवलं नव्हतं.

इंजिनीअर बाईने खुर्ची ओढली. "आत्ता मागे सरकवते. तुमच्या मापाने किती म्हणालात?"

"अर्धं बोट."

"कुणाचं?"

मास्तरांनी आपली तर्जनी पुढे धरली. संधिवाताने ती फुगून वाकडी झाली होती. दोघांनीही तिच्याकडे नीट पाहिलं. "हे धरू नकोस," मास्तर म्हणाले. "हे आता दीड झालंय. आणि तुझे आकडेही नकोत. मूळ टेप आण."

तिने कपाटातून रीळ काढलं. दोन्ही टोकं तिने पातळ कागदात गुंडाळून ठेवली होती. मास्तरांनी कागद उलगडला. टेपच्या पाठीवर त्यांच्याच पेन्सिलची पिवळी खूण होती, फिकी, पण होती. काप अजून धारदार होता. त्यांनी तो दिव्याखाली धरून पाहिला आणि इंजिनीअर बाईपुढे केला, जणू नातवाचा फोटो दाखवतायत.

"ब्लेड लागणार नाही. आहेत तीच टोकं भिडवायची."

पण वाकडं बोट ऐकेना. पहिली पट्टी तिरकी बसली. त्यांनी ती नखाने हलकेच सोडवली. "मी लावू का?" बाई हळूच म्हणाली.

"तू धर. लावतो मी."

त्यांनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, श्वास पूर्ण सोडला आणि पुढचा श्वास घ्यायच्या आधी पट्टी खाली दाबली. फोन वाजत होता, कंपनीचा. बाईने तो उचलला नाही, पालथा घातला. मास्तरांनी सांध्यावरून नख फिरवलं. कुठे अडलं नाही.

रीळ मशीनवर चढवेपर्यंत दार उघडलं. "अहो, गोळीची वेळ टळून गेली," बायको आत आली. "काय चाललंय काय इतका वेळ?"

"बस जरा. एक गाणं ऐक."

"मी? हे?"

"बस म्हणतोय ना."

ती मधल्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी. टेप फिरू लागली. मास्तर तिच्या मागे उभे राहिले. पडद्यावरच्या आकड्यांकडे त्यांनी पाहिलं नाही. पहिल्या मिनिटाला तिच्या कपाळावर आठी होती. दुसऱ्या मिनिटाला चपलेचा पुढचा भाग हलू लागला. गिटार धावायला लागली तसं तिचं पाऊलही धावायला लागलं, आणि त्या जागेवरून, त्या नेमक्या जागेवरून, ते न अडखळता पुढे निघून गेलं. वरचा सूर लागला तेव्हा तिने पर्स सोडून खुर्चीचा हात धरला होता.

गाणं संपलं. इंजिनीअर बाई डोळे पुसत होती. डोळ्यांत काही गेलंय असं दाखवत होती.

"मधे काही ऐकू आलं का गं?" मास्तरांनी विचारलं.

"काय ऐकू यायला हवं होतं?"

"काही नाही."

"मग विचारता कशाला? बरंय पण. मेला एका दमात वाजवतो, नाही?"

"एका दमात," मास्तर म्हणाले.

इंजिनीअर बाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिच्याकडूनही गोष्ट बाहेर जाणार नव्हती. "काका, पुस्तिकेत तुमचं नाव घालायचंच," ती म्हणाली. "जुन्या कव्हरवर बँडच्या मांजराचंसुद्धा नाव आहे. नावापुढे काय लिहू?"

"टेप."

"नुसतं टेप?"

"तेवढंच." त्यांनी पाठ ताठ केली आणि बायकोच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढली. "आता पुन्हा लाव. आणि या वेळी आवाज मोठा ठेव, लाजू नकोस."