पट्टी सोडायची सकाळ

धाकटीचा नवरा परदेशात वारला, असा त्याच्या दोस्ताचा फोन आला तेव्हा घरात कोणी विचारलंसुद्धा नाही, की कशानं वारला आणि माती कुठं दिली. सगळ्यांनी डोळ्याला पदर लावले आणि विषय मिटला. धाकटीचा मात्र मिटला नाही. पुढे चांगली चांगली स्थळं आली, ती तिनं एकेक करून वाटेला लावली. "असा माणूस पुन्हा मिळायचा नाही, अक्का," ती म्हणायची आणि रडायला बसायची. रडून रडून वीस वर्षांत पोरीच्या चेहऱ्याची रया गेली.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. जिभेला धार, पण हात इतका हलका की रोग्याला थेंब पडल्याचं कळू नये. चर्चच्या वैद्यकीय मोहिमेबरोबर ती दरवर्षी रजा टाकून परदेशातल्या एका गावी जायची. तिथली भाषासुद्धा कामापुरती शिकली होती. चर्चच्या सभागृहातली बाकं भिंतीला सरकवायची, मधे पडदे टांगायचे, की झाला दवाखाना तयार. रोग्याचा डोळा धुवायचा, थेंब घालायचे आणि जो डोळा कापायचा त्याच्या भुवईवर पेनानं खूण करायची, हे काम अक्काचं. डॉक्टर ती खूण बघूनच हात घालायचे.

यंदा एक बाई नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दुधाची साय धरावी तसे. बाई गरीब स्वभावाची दिसत होती. "हे तुमच्याच देशाचे," ती तिथल्या भाषेत कौतुकानं म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

"आपल्याकडच्या वाटतं?" अक्का दोन शब्द बोलताच म्हातारा खुलला. "खरं सांगू का ताई, आपली भाषा ऐकली आणि कान निवले बघा."

अक्का कापसाच्या बोळ्यानं त्याचं कपाळ पुसत होती. तिचा हात थबकला. उजवी भुवई मधोमध चिरलेली होती. आणि प्रत्येक थापेआधी 'खरं सांगू का' म्हणणारा एकच माणूस तिनं आयुष्यात पाहिला होता. धाकटीच्या लग्नात त्या भुवईवर तिनंच हळद लावली होती.

तोंडावर मास्क होता म्हणून बरं. आवाजाची तर भीतीच नव्हती. स्वतःच्या आवाजापुढे दुसऱ्याचा आवाज त्यानं कधी ऐकला होता!

"तिकडं घरी कोण असतं?" तिनं विचारलं.

"कोण असणार? बायको होती. खरं सांगू का, तापानं गेली बिचारी. ही दुसरी." आणि मेल्यानं चक्क उसासा टाकला.

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः मेला ते मेला, वर माझ्या बहिणीलाही मारून मोकळा झाला! डोळ्यात पू आहे, एवढं एक वाक्य बोललं असतं तरी ऑपरेशन टळलं असतं आणि तो पुढच्या शिबिरापर्यंत चाचपडत बसला असता. डॉक्टरांनी तिच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवला असता. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंसुद्धा. पण आंधळा राहिला तर हा सुटला, सगळ्यांची दया खात आरामात जगेल. छे, याला दिसलंच पाहिजे! तिनं उजव्या भुवईवर ठसठशीत खूण केली.

त्या मोहिमेत एक रीत होती. तयारी करणाऱ्यानं रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या भाषेत प्रार्थना म्हणायची. अक्कानं हात ठेवला. "देवा, याला लख्ख दिसू दे," ती म्हणाली. "एकही चेहरा याच्यापासून लपू देऊ नकोस." इतक्या मनापासून तिनं कधीच काही मागितलं नव्हतं. तिथल्या चर्चच्या पाळकांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी भक्तिभावानं डोळे मिटले आणि सगळे मोठ्यानं आमेन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या सोडायच्या होत्या. पट्टी सुटली की पाळक सगळ्यांसमोर विचारायचे, पहिलं काय दिसलं? कोणी म्हणे खिडकी, कोणी म्हणे नातवंड, आणि सभागृह टाळ्या वाजवी. अक्कानं त्या बाईला पुढच्या बाकावर बसवलं. अक्काला तिची दया आली. पण फसलेल्या बाईला फसलेलीच ठेवणं, ही कसली दया?

मग अक्कानं मास्क काढला आणि म्हाताऱ्याची पट्टी सोडली. दोघी बहिणींची एकीला झाकावी नि दुसरीला काढावी, अशी तोंडं. म्हाताऱ्यानं डोळा किलकिला केला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तू? तू इथं कशी?" तो ओरडला. "मी मेलो म्हणून कळवलं होतं ना तुला!"

"काय दिसलं म्हणतात?" पाळकांनी हसत विचारलं.

अक्कानं तिथल्या भाषेत, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, त्याचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले.

पुढच्या बाकावरची बाई उठली. "हे कोणाला म्हणाले?"

"त्याच्या बायकोला. मी तिची बहीण. ती जिवंत आहे, अजून याच्या नावानं रडते."

बाईनं पिशवीतून त्याच्यासाठी आणलेला काळा चष्मा काढला, बाकावर ठेवला आणि दाराकडे चालू लागली. दारापर्यंत ती त्याला स्पष्ट दिसली. ऑपरेशन उत्तम झालं होतं.

"अक्का," तो आता ओळखून म्हणाला, "खरं सांगू का..." आणि त्याला रडू फुटलं.

अक्कानं त्याची हनुवटी वर केली, कोरड्या कापसानं हलक्या हातानं गाल टिपला आणि प्रत्येक रोग्याला सांगायची तशी सूचना दिली.

"डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. रडायचंसुद्धा नाही. तुझ्या वाटचं धाकटी रडून बसलीय."