दुसरा अर्जदार

कर्जाचं काम बघणाऱ्या बाईंना सर्दी झाली होती. थर्मासमधलं गरम पाणी घोटघोट पीत त्या आमची फाइल वाचत होत्या आणि मी त्यांच्या भुवया वाचत होते. मुलगी माझ्या मांडीवरून टेबलावरच्या स्टेपलरकडे झेपावत होती. नवरा शेजारी बसला होता, लग्नकार्याला घालायच्या शर्टात, हात मांड्यांखाली दाबून.

मला घर हवं होतं, आणि ते दोघांच्या नावावर हवं होतं. घाई होती, कारण आमच्या मालकीणबाईंनी भाड्याची जागा विकायला काढली होती. दोन नावं का, तर मी जात्याच घाबरट. हप्ते एकटीच्या डोक्यावर असले तर माझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही. निदान तेव्हा मला कारण एवढंच वाटत होतं.

नवऱ्याचं दिवाळं निघालं ते आमच्या लग्नाआधी. त्याची स्वतःची लॉन्ड्री होती. हप्त्यांवर घेतलेली मोठी मशीनं, एक भागीदार, आणि हॉटेलांच्या चादरी-टॉवेलांचं काम. हॉटेलं बंद पडली, भागीदाराने हात वर केले, मशीनं बँकेने उचलून नेली. मग कोर्टात रीतसर दिवाळखोरी आणि काही वर्षांनी रीतसर सुटका. हे सगळं त्याने मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं, मी न विचारता, दाढ काढायला बसलेल्या माणसाचा चेहरा करून. आता तो एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत पगारावर आहे. फसवाफसवी काही नव्हती. म्हणूनच मला वाटत होतं की आम्ही सगळ्याला तयार आहोत.

“दिवाळखोरी जुनी झाली,” बाई म्हणाल्या. “सुटकेचा कागदही आहे. त्याचं एवढं काही नाही.”

मी श्वास सोडला.

“पण त्यानंतर तुम्ही कुठे होता?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“इथेच,” तो म्हणाला.

“मला दिसत नाही तुम्ही.” त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. “भाडेकरार ताईंचा. वीज ताईंची. फोन, गॅस, सगळं ताईंचं. तुमचा पगार येतो आणि त्याच दिवशी ताईंच्या खात्यावर जातो. कार्ड नाही, एखादा लहानसा हप्ता नाही. बुडवलं ते दिसतं, पण नंतर काही फेडलंय असं कुठेच दिसत नाही.”

“मी काही घेतलंच नाही ना उधार,” तो म्हणाला, शाळेतल्या शहाण्या मुलासारखा. “मुद्दामच.”

“तेच तर,” बाई म्हणाल्या आणि शिंकल्या.

“माझं नाव लागलं की गोष्ट बुडते,” असं तो हसत हसत म्हणायचा. लग्नानंतर घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर माझं नाव घालायचा, अगदी मिक्सरच्या वॉरंटीवरसुद्धा. मैत्रिणी म्हणायच्या, “नशीब काढलंस बाई, आमचे तर टीव्हीचा रिमोटसुद्धा देत नाहीत.” मीही मिरवलं. आम्हा दोघांना वाटायचं, नाव जितकं कमी वापरू तितकं ते स्वच्छ राहील. पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबश्यांसारखं आम्ही ते कपाटात ठेवलं होतं.

बाईंनी आमच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या. एक, थांबायचं. नवऱ्याने स्वतःच्या नावावर महिन्याला बिल येणारा फोन घ्यायचा, छोटं कार्ड घ्यायचं, वर्षभर न चुकता भरायचं आणि मग दोघांनी अर्ज करायचा. तोवर दुसरीकडे भाड्याने राहायचं. दोन, मी एकटीने अर्ज करायचा. कर्ज कमी मिळेल, घर लहान मिळेल, पण लगेच मिळेल.

“एकटीनेच घे,” नवरा जिन्यातच म्हणाला. “मी भाडं देत जाईन तुला. चांगला भाडेकरू आहे मी. आवाज नाही, पाळीव प्राणी नाही. एक शेठ आहे फक्त.”

शेठ म्हणजे आमची मुलगी. धंदा बुडाल्यावर त्याला शेठ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तोच तिला म्हणतो.

“थांबू या,” मी म्हटलं. “एक वर्षाने काय होतंय?”

“होतंय ना. सामान बांधा, सोडा, परत बांधा.”

“मी बांधीन. तू फक्त फोन घे तुझ्या नावावर.”

“अगं, फोनने काय घर मिळतं?”

“बाई काय म्हणाल्या ऐकलंस ना? सुरुवात त्यानेच होते.”

तो कबूल झाला. शनिवारी आम्ही फोनच्या दुकानात गेलो. रांगेत त्याने मुलीला खांद्यावर घेतलं होतं. आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करताच विचारलं, “अर्जदार कोण?”

“ह्या,” त्याने माझ्याकडे बोट केलं.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला कळलंच नव्हतं. तो मुलीच्या बुटाची निघालेली लेस बांधत होता. काउंटरवरची मुलगी माझं ओळखपत्र मागत होती. मी जवळ वाकून हळूच म्हटलं, “तू. आपण तुझ्यासाठी आलोय.”

“हो, हो. मी. सॉरी.” त्याने ओळखपत्र काढलं, सहीची जागा दाखवली तिथे पेन टेकवलं, आणि विचारलं, “पण समजा एखाद्या महिन्यात भरायचं राहिलं तर?”

“दंड लागतो,” ती मुलगी म्हणाली.

“आणि तो कुठे नोंदवतात?”

मागचा माणूस खाकरला. पेन तिथेच टेकलेलं होतं, शाईचा ठिपका पसरत होता. माझं काम कान तपासण्याचं आहे. बंद खोलीत माणसं हेडफोन लावून बसतात, आवाज आला की बटण दाबतात. काही जण आवाज येण्याआधीच दाबतात, हुकायला नको म्हणून. आणि काहींना आवाज ऐकू येतो, पण खात्री वाटत नाही, म्हणून ती दाबतच नाहीत. त्यांना खरं जेवढं ऐकू येतं त्यापेक्षा रिपोर्ट वाईट येतो. अशांना मी किती वेळा सांगते, शंका आली तरी दाबा, चुकलं तर काही बिघडत नाही. इथे मला ते वाक्य बोलता येईना. त्याचं एकदा सगळंच बिघडलं होतं.

“राहू दे,” मी म्हटलं. “पुढच्या आठवड्यात येऊ.”

बाहेर आल्यावर तो शीळ घालत चालू लागला. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी माझ्या लक्षात आलं की हा लाजत नाहीये, घाबरतही नाहीये. नसण्यात हा सुखी आहे. आणि इतकी वर्षं सगळ्या कागदांवर मी एकटीच राहत होते.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. त्यांना सगळं सांगितलं.

“एकटीच्या नावावर घे हो,” त्या म्हणाल्या. “तो काय, लहानपणापासून पहिल्या बाकावरून उठून मागे जाऊन बसणारा.”

“आई, मला एकटीला नकोय पण.”

“मग काय करशील? ओढून आणशील?” जरा थांबून त्या म्हणाल्या, “मी ओढलं होतं त्याच्या बाबांना. आले. नुसते येऊन बसले.”

आम्ही पुढच्या आठवड्यात दुकानात गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मालकीणबाईंकडे गिऱ्हाईक येऊन आमच्या बाथरूमचे नळ उघडून बघू लागलं, तेव्हा मी कर्जाच्या बाईंना फोन केला. सह्या करायला एकटीच गेले. पानामागून पान. दुसऱ्या अर्जदाराच्या रकान्यात बाईंनी सराईतपणे एक तिरकी रेघ ओढली आणि सर्दी कशी गेली ते सांगू लागल्या.

घर लहान आहे, पण उजेड चांगला येतो. सामान लावून झालं. चादरी त्याने कपाटात अशा रचल्या की कडेला कड, हॉस्पिटलात रचतात तशा. पहिल्या रविवारी तो हातोडी घेऊन बैठकीच्या भिंतीसमोर उभा राहिला.

“घड्याळासाठी इथे खिळा ठोकू का?”

“ठोक की.”

“नाही, म्हणजे भिंत नवीन रंगवलीय. तुला चालेल ना?”

मला वाटलं, भाडेकरूचा विनोद पुढे चालवतोय. मी हसले. “घरमालकांची परवानगी आहे.”

तो हसला नाही. खिळा बोटांत धरून माझ्याकडे बघत राहिला.

“थोडा डावीकडे घेऊ?” त्याने विचारलं. “तू सांगशील तिथे.”

“तुला कुठे हवंय?”

“मला काय, कुठेही.”

मुलगी येऊन त्याच्या पायाला बिलगली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हात ओले. भिंत त्याच्यासमोर होती, हातोडी त्याच्याच हातात होती. मनात म्हटलं, आता मी सांगणारच नाही. तो वाट बघत राहिला, अगदी विनातक्रार, आणि मीही.