तिच्या मापाची सीट

मला सवत आहे आणि तिला चार चाकं आहेत.

ह्यांची पहिली बायको सहा वर्षांपूर्वी गेली. तिचा डावा गुडघा अधू होता, क्लच दाबता येत नसे, म्हणून ह्यांनी तिच्यासाठी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. दोन वर्षांपूर्वी मी लग्न होऊन आले तेव्हा तिचं कपाट रिकामं होतं, भिंतीवर फोटोसुद्धा नव्हता. गाडी मात्र दारात तशीच, आणि तिच्याबद्दल अवाक्षर नाही. ड्रायव्हरची सीट तिच्या वेळी होती तिथेच. हे सहा फुटी, गुडघे स्टिअरिंगला घासतात, तरी मागे घेत नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, "सवय झाली आहे." मी शिवणकाम करते. कुणाला काय मापात बसत नाही ते मला लांबून कळतं, आणि ह्यांचं ते अवघडून बसणं बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून गिअरबॉक्स कुरकुरायला लागला तेव्हा मला मनातून गुदगुल्या झाल्या. चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही. रिव्हर्स टाकला की आधी विचार करायची, मग धक्का द्यायची. हे तिला गॅरेजमध्ये घेऊन गेले तेव्हा मीही मुद्दाम गेले.

"साहेब, बॉक्स उघडण्यात अर्थ नाही. हिला आता निरोप द्या," गॅरेजवाला म्हणाला.

"काहीच करता येणार नाही?" ह्यांचा आवाज दवाखान्यात बसल्यासारखा.

"घरच्या घरी एक करा. खालचा नट खोलून जेवढं तेल येईल तेवढंच नवं घाला. महिनाभर चालवा, मग पुन्हा. असं तीनदा. घाई करू नका. आतल्या प्लेटा झिजल्यात, जुन्या तेलातल्या गाळावरच एकमेकींना धरून आहेत. गाळ एकदम गेला की गाडी बसलीच समजा."

हे तेलाचे तीन डबे घेऊन आले. पहिला रविवारी घातला, टॉर्च मी धरला. मला ताप आला होता तेव्हा ह्यांनी कपाळाला हात लावून "ठीक आहे" म्हटलं होतं. तेलाची पातळी दाखवणारी पट्टी मात्र तीनदा पुसून तीनदा पाहिली.

मंगळवारी हे चष्म्याच्या दुकानात कामावर, काचा घासायला गेले आणि मी मशीनवर कापड टाकून उठले. रविवारी पाहिलं होतं तसं सगळं केलं. जॅक, लाकडी ओंडके, खाली जुनी परात, मग नट. तेल काढलं, दुसरा डबा ओतला. तो आत फिरावा म्हणून गाडी खाली घेतली आणि इंजिन चालू करायला ड्रायव्हरच्या सीटवर बसले. तिथे मी कधीच बसले नव्हते.

पाय नेमका ब्रेकवर गेला. गुडघ्याला हवा तेवढाच बाक. आरशात मागचं फाटक पूर्ण दिसलं, आरसा बोटभरही हलवावा लागला नाही. मापात मी चुकत नाही. ती माझ्याच उंचीची होती, माझ्याच हातापायाची. पहिल्या भेटीत हे दोन मिनिटांत लग्नाला हो का म्हणाले, ते मला त्या सीटवर कळलं. राग आला म्हणणं कमीच होईल. मी जळले. इंजिन चालवून बंद केलं, खाली उतरले, पुन्हा जॅक लावून तेल काढलं आणि तिसरा डबा थेंब न ठेवता ओतला.

रिकामे डबे पायरीवर मांडून ठेवले. लपवायचं मनातच नव्हतं, मला भांडण हवं होतं.

संध्याकाळी हे आले. डबे पाहून चेहरा पांढरा पडला.

"दोन्ही घातलेस?"

"दोन्ही."

ह्यांनी किल्ली घेतली. मी शेजारी बसले, सवतीचा शेवट डोळ्यांनी बघायला. चढ आला. सुईत दोरा जावा तशी गाडी वर गेली. वरच्या मैदानात ह्यांनी रिव्हर्स टाकून पाहिला, तोही गुमान पडला.

ह्यांनी इंजिन बंद केलं. डोळे भरले होते.

"मला ही हिंमत झाली नसती," हे म्हणाले. "आणि तू तिच्या गाडीसाठी दिवसभर मातीत लोळलीस."

तिला मारायला निघाले होते, हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण दोन वर्षांत ह्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहणं हातचं घालवायला मी तयार नव्हते.

हे उतरून माझ्या बाजूला आले, किल्ली पुढे केली. "आता तू शीक चालवायला. सीट हलवायलाही नको, तुला बरोबर बसेल."

म्हणजे ह्यांनाही माप ठाऊक होतं.

मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. खाली हात घालून दांडी चाचपली, वर ओढली आणि टाचांनी जोर लावला. सीट खाचेत अडकून बसली होती, आधी हललीच नाही. मग करकरत दोन खाचा मागे गेली. आता ब्रेकला जेमतेम चवडा लागत होता.

"अगं, पाय पुरणार नाहीत तुझे," हे म्हणाले.

"सवय होईल," मी म्हटलं.