ओल्या चादरी

जुने दिवस सुखाचे होते असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुणाच्या घरी? आमच्या घरी एक खोली होती. तिच्यात सहा माणसं, आणि उरलेल्या जागेत लोकांचे कपडे.

आई परक्यांची धुणी धुवायची. आमच्या आवाराभोवती राहणाऱ्या सगळ्याच बायका धुवायच्या. पहाटे हंडे चढायचे, चादरी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, आणि पिळून पिळून बायकांच्या बोटांची सालं निघायची. मधल्या आवारात दोऱ्या बांधलेल्या होत्या. त्या दोऱ्यांवर आमची चूल पेटायची.

एक दिवस आवाराच्या मालकाच्या कारभाऱ्याने त्या दोऱ्या कापून टाकल्या. मालकाने आवाराकडे तोंड करून नवा सज्जा बांधला होता. तिथे बसलं की मालकीणबाईंना म्हणे फडफडणारे कपडे दिसायचे.

"खोलीत वाळवा," कारभारी म्हणाला.

"खोलीत माणसं वाळत घातलीत, साहेब," शेजारची बुटकी मावशी म्हणाली.

"जीभ फार चालते तुझी."

"हातही चालतात. अंगातला सदरा कुणी धुतलाय?"

पण दोऱ्या गेल्या त्या गेल्याच. आम्ही खोलीत कपडे टांगले. भिंतींना बुरशी आली. माझा धाकटा भाऊ जेमतेम दीड वर्षाचा. त्याच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, "मुलाला कोरड्या जागेत ठेवा." कोरडी जागा जणू बाजारात वजनावर मिळते!

त्याच दुपारी वरच्या चादरीतून पाणी ठिबकून धाकट्याच्या तोंडावर पडलं. तो खोकून निळा पडला. आईने त्याला उचलून पाठ चोळली, श्वास परत येईपर्यंत चोळली. मग त्याला माझ्या कडेवर दिलं आणि एकेक चादर खाली ओढली.

"गाठोडी बांधायची," ती म्हणाली. "पोचवून येऊ."

"ओलीच?"

"ओलीच. धुवायचं काम आपलं. वाळवायची जागा ज्यांनी घेतली, त्यांनी वाळवावं."

मावशी दारातच थबकली. "अगं बाई, हातचं काम जाईल."

"जाऊ दे. उपाशी राहायची सवय आहे मला. पोर गमवायची नाही."

मावशी तशीच वळली. घरी गेली आणि आपलं गाठोडं घेऊन आली. तिच्यामागून बाकीच्या आल्या.

मालकाला एक गोष्ट ठाऊक नव्हती, कारण ठाऊक असायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. त्याच्या आणि त्याच्या गल्लीतल्या प्रत्येक घरातल्या अंथरुणावरची चादर आमच्याच आवारात वाळायची.

बाकीच्या जणींनी गल्लीत घरोघरी ओली गाठोडी पोचवली, आम्ही मालकाकडे गेलो. आम्ही नेहमी मागच्या दाराने जायचो. त्या दिवशी आई पुढच्या दाराने शिरली. दिवाणखान्यात पाहुणे बसलेले. तिने गाठोडं गालिच्यावर ठेवलं, तसा पाण्याचा ओघळ पाहुण्यांच्या बुटांपर्यंत गेला.

"हे काय?" मालकीणबाई किंचाळल्या.

"तुमच्या चादरी. स्वच्छ आहेत. सज्ज्यावर पसरा, तिथे वारा चांगला येतो."

मालक लाल झाला. "सगळ्यांना हाकलून देईन!"

"द्या की," आई म्हणाली. "मग नव्या धुणाऱ्या आणा. त्यांना वाळवायला जागा द्यावीच लागेल. ती आम्हाला दिली तर काय बिघडतं?"

 तोवर गल्लीतल्या बायका त्याच्या दारात जमल्या होत्या, हातात निथळते अभ्रे नि चादरी घेऊन. "तुमच्या सज्ज्यापायी आम्ही आज कशावर झोपायचं?" आमच्याशी कधी धड न बोललेल्या त्या बायका आमचंच भांडण भांडत होत्या. आमच्यासाठी नाही, स्वतःच्या अंथरुणासाठी. असो. नाक दाबलं की तोंड उघडतं.

दुसऱ्या दिवशी कारभारी नवी दोरी घेऊन आला. आईसमोर टाकून म्हणाला, "घे. बांध."

"कापल्या कुणी?"

"मी."

"मग बांधा तुम्हीच."

सगळ्या बायका दारात उभ्या राहिल्या. तो इकडेतिकडे बघून शेवटी स्टुलावर चढला.

"गाठ घट्ट मारा, साहेब," मावशी खालून ओरडली, "तुमचेच लेंगे लटकायचेत."

खोली सुकायला बरेच दिवस लागले. धाकट्याची शिट्टी हळूहळू बसली. दोन घरांनी आमचं काम कायमचं तोडलं. आईला विचारलं तर म्हणायची, "बरं झालं. त्यांच्या चादरी तशाही फार मळायच्या."