दोन्ही बाजूंनी ऐकणारा माइक

बायको बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही, असं मी सुरुवातीला लोकांना सांगायचो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा, कुणी खांद्यावर हात ठेवायचं. मग बाळंतपण लेकीचं होतं, बायको चांगली ठणठणीत आहे आणि समुद्रापलीकडे जुळ्या नातवंडांचे लंगोट बदलते आहे, असा खुलासा करावा लागायचा. खुलासा झाला की खांद्यावरचा हात काढून घेतला जायचा. तो आणखी थोडा वेळ राहिला असता तरी माझी काही हरकत नव्हती.

ठरलं होतं ते लेक हिंडूफिरू लागेपर्यंतचं. पण एकाच्या जागी दोन आली, लेकीची रजा संपली, पाळणाघरात जागा मिळेना, आणि बायकोचं परतीचं तिकीट पुढे सरकत सरकत एक दिवस रद्दच झालं. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. निवृत्तीला अजून अवकाश आहे, त्यामुळे बाडबिस्तरा उचलून तिकडे जाणं शक्य नाही. एका सुट्टीत गेलो होतो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत व्यायामाच्या सायकलीशेजारी माझी गादी होती, आणि सकाळी ज्याला त्याला मला ओलांडून कामावर जावं लागायचं. कुणी तक्रार केली नाही. ओलांडताना सगळेच ‘सॉरी हं’ म्हणायचे.

फोन रोज व्हायचा, पण तो फोन नव्हे, हजेरी होती.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय?"

"कालचंच."

एवढ्यात एक जुळं रडायचं, त्याला साथ म्हणून दुसरं, आणि बायको "ठेवते हं" म्हणायची.

घरी असताना आम्ही जेवणाच्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून तासन्‌तास भांडायचो. मुद्दे किरकोळ असत. खिडकी उघडी ठेवावी की बंद, अमक्याच्या लग्नात तमका आला होता की नाही, दूध कुणाच्या हातून सांडलं. विद्यार्थ्यांना वाद कसा जिंकावा हे शिकवण्याचा मला पगार मिळतो. घरी मी एकही वाद जिंकलेला नाही. मी दोन विधानं नीट मांडून निष्कर्षाकडे निघालो की ती म्हणायची, "ते सोडा." याला कुठल्याही तर्कपद्धतीत उत्तर नाही. मी बरीच पुस्तकं पाहिली.

मला ते भांडण परत हवं होतं. पण ‘परत ये’ म्हणायची सोय नव्हती, कारण म्हटलं असतं तर ती आली असती. तिकडे लेकीची नोकरी गेली असती आणि इकडे आम्ही दोघं टेबलाशी बसून त्याबद्दल गप्प राहिलो असतो. म्हणून मी म्हणत नव्हतो.

एकदा फोन जावयाने उचलला. जावई कंप्यूटरवाला आहे आणि माझ्याशी डॉक्टर पेशंटशी बोलतात तसा सावकाश बोलतो.

"आई कुठे आहेत म्हणजे काय, बाबा, आहेत इथेच. कानात लावलंय त्यांनी. दोन्ही मांड्यांवर दोघं असतात ना, हात अडकलेले. कानच तेवढे मोकळे. पॉडकास्ट ऐकतात."

"कुणाचे?"

"एक बाई आहेत, कुंड्यांतल्या झाडांबद्दल सांगतात. आणि एक गृहस्थ आहेत इतिहासाचे. आवाज फार गोड आहे त्यांचा."

कुंड्यांच्या बाईंबद्दल मला काहीच म्हणायचं नव्हतं. गृहस्थांबद्दल मात्र मी दिवसभर विचार केला. संध्याकाळी जावयाला फोन करून विचारलं, पॉडकास्ट करायला काय लागतं.

"विषय लागतो," तो म्हणाला.

"तो आहे. दुसरं?"

"यूएसबी माइक. वायर लॅपटॉपला लावली की झालं. तुम्ही एकटेच बोलणार ना? मग एका बाजूने ऐकणारा घ्या, बाबा. खोलीतलं बाकी काही पकडत नाही असा."

माइकच्या दुकानातला माणूस हेडफोन गळ्यात घालूनच गिऱ्हाइकाशी बोलत होता.

"कशासाठी हवाय, सर? गाणं? गेम? मीटिंग?"

"तर्कशास्त्र."

त्याने थोडा विचार केला. "मग साधा पुरेल."

साधा माइक काळा आणि जाडजूड होता. समोरचं तेवढं ऐकायचा, पाठीमागे ढिम्म. माझ्या ओळखीत असे बरेच लोक आहेत. त्याच्या शेजारी एक पोट सुटलेला चंदेरी माइक उभा होता. त्याला मागे एक खटका होता.

"हा काय प्रकार?"

"हा फिरवला की एका बाजूचं ऐकतो, असा केला की चारी बाजूंचं, आणि असा केला की दोन्ही बाजूंचं. म्हणजे दोघं समोरासमोर बसली असतील तर माइक मधोमध ठेवायचा. इकडचं ऐकतो, तिकडचं ऐकतो, डावीउजवीकडचं सोडून देतो."

"हा द्या."

"किती जण बोलणार आहेत?"

"एक."

"मग सर, उगाच कशाला..."

"समोरची व्यक्ती गावाला गेलीय," मी म्हणालो. त्याने माइक खोक्यात भरला.

घरी येऊन तो जेवणाच्या टेबलावर मधोमध उभा केला आणि लग्नातल्या भाषणांत पाहिलं होतं तसं त्याच्या टाळूवर तोंड नेऊन बोललो. आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. जावयाने समजावलं की हा माइक डोक्याने ऐकत नाही, पोटाने ऐकतो. पोटाकडे तोंड करून बसलो, तर सुधारलं. ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फटाका फुटायचा, तो जरा तिरकं बोलल्यावर गेला. एवढ्यावर जावई म्हणाला, "आता खटका एका बाजूला करा."

"नको. वादाला दोन बाजू असतात."

"बाबा, पण त्या बाजूला कुणी नाहीये."

"ठाऊक आहे मला," मी म्हणालो, आणि खटका दोन्ही बाजूंवरच ठेवला. सासऱ्याशी कुठवर बोलावं हे जावयाला कळतं.

पहिला भाग गृहीतकांवर केला. गृहीतक म्हणजे आपण न तपासता खरं धरून चालतो ते. उदाहरणं चांगली निवडली होती, एक विनोदही होता. भाग तिकडे पोचला तसा जावयाचा फोन आला. "आई ऐकतात हं. संपला की परत लावतात. जुळी तर त्यावर पटकन झोपतात." शेवटच्या वाक्याचा मला कॉलेजातला अनुभव होता. पहिल्या दोनांवर मात्र मी दिवसभर हवेत होतो.

मग बायकोचा फोन आला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"कसं वाटलं?"

"स्वयंपाकघरातला नळ गळतोय."

"अगं, मी गृहीतकांबद्दल..."

"ते सोडा. वॉशर गेलंय त्याचं. आणि वरती नवीन कुणी राहायला आलंय का? चालणं वेगळं आहे. जिन्यातला कुत्रा अजून खोकतो, त्याला कुणी दाखवलं नाही वाटतं?"

टेबलापलीकडची तिची जागा, तिच्यामागे स्वयंपाकघराचं दार आणि शेजारी जिन्याचा पॅसेज. ते सगळं माइकने इमानेइतबारे टिपलं होतं, आणि माझ्या विनोदाच्या ऐन वेळी नळाचे थेंब पडत होते. मला राग आला. समुद्रापलीकडून आलेल्या माझ्या आवाजात तिला नळ ऐकू यावा, याचं मला वाईट वाटलं.

जावयाच्या सांगण्यावरून मी सगळं व्यवस्थित केलं. खटका एका बाजूला. माइक मधून उचलून माझ्याकडे, तोंडापासून एक वीत. त्याला स्पंजची टोपी. माझ्यामागच्या भिंतीवर जाड रजई, समोर दुसरी. नळाचं वॉशरही बदललं. आता माझा आवाज असा यायला लागला की इतिहासाच्या गृहस्थांनी चौकशी करावी. खर्जात, घट्ट, जवळचा. एकामागून एक भाग केले. अनुमानावर केला, विसंगतीवर केला.

बायको काही बोलेना. "जेवलात", "काय", "ठेवते हं". शेवटी मीच विचारलं.

"आवाज छान येतो," ती म्हणाली.

"मग?"

"कुठून बोलता तुम्ही?"

"कुठून म्हणजे? घरातून. टेबलाशीच बसतो."

"वाटत नाही. कपाटात शिरून बोलल्यासारखं वाटतं. आपलं घर कुठे गेलं?"

"गोंगाट होता तो नुसता."

"हो," ती म्हणाली. "तोच."

मागे जुळ्यांपैकी एकाने सूर लावला आणि तिने फोन ठेवला.

मी रजया काढल्या, घड्या घातल्या, माइक उचलून पुन्हा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि खटका दोन्ही बाजूंवर केला. त्यानंतरचा भाग पुराव्यांवर होता. तो ऐकल्यावर जावयाचा फोन आला, तोही कुजबुजत.

"बाबा, आई तुमच्याशी भांडल्या काल."

"काल फोनवर आम्ही ‘जेवलात’च्या पुढे गेलोच नव्हतो."

"एपिसोडशी भांडल्या. तुम्ही म्हणालात पुराव्याशिवाय विधान करू नये, तर त्या मोठ्यांदा म्हणाल्या, मग दूध मी सांडलं असं कशावरून म्हणत होतात? दोन्ही पोरं दचकून उठली. पण तुम्ही पुढे बोलतच राहिलात, म्हणून त्या जास्तच चिडल्या."

हे बरोबर नव्हतं. समोरच्याला बोलू न देता पुढे जाणं हा वादातला दोष आहे, मी दरवर्षी तो शिकवतो. तेव्हापासून मी जागा सोडायला लागलो. एखादं विधान करायचं, तिच्या बाजूला बघायचं, ती काय म्हणेल तेवढा वेळ थांबायचं, मग पुढे जायचं. तिला किती वेळ लागतो हे मला संसारामुळे पाठ होतं. एकदोन विद्यार्थीही भाग ऐकायचे. ते म्हणाले, "सर, मध्ये मध्ये आवाज जातो." मी त्यांना त्यांचं नेट तपासायला सांगितलं.

तिकडे ठाकठीक भांडणं होत होती. जावई वृत्तांत द्यायचा. "आज आई म्हणाल्या, ते सोडा." मी समाधानाने मान डोलवायचो.

असं करता करता मी प्रश्नांवर भाग केला. तर्कशास्त्रात प्रश्न हे विधान नसतं. तो खरा नसतो, खोटाही नसतो. ‘ये’ म्हटलं तर ती विनंती होते, तिला परिणाम असतात. प्रश्नाला तसलं काही नाही, असं मी स्वतःला पटवलं होतं. उदाहरणं देत गेलो. पाऊस पडतो आहे का? दोन ही विषम संख्या आहे का? आणि मग टेबलापलीकडे बघत, त्याच चालीवर, विचारलं, "घरी यावंसं वाटतं का?"

आणि थांबलो.

या वाक्याला तिला किती वेळ लागेल हे मला ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत ते विचारायची वेळच आली नव्हती. लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ चालत होती. वर कुणीतरी चाललं, रेघ किंचित हलली. पंखा फिरत होता. कुत्रा खोकला. मी आणखी थांबलो. बऱ्याच वेळाने "तर, पुढचा मुद्दा" असं म्हटलं, पण पुढचा मुद्दा काय होता ते आठवेना, म्हणून भाग तिथेच संपवला आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिला. पाठवल्यावर लगेच बदलला, पण तोवर उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन बूट काढतोय तर तिचा फोन.

"एवढी जागा कशाला सोडलीत?"

"कुठे?"

"माहीत नसल्यासारखं करू नका. हो म्हणायला एवढा वेळ लागत नाही. मी केव्हाच म्हणून मोकळी झाले. नंतर नुसती पंखा ऐकत बसले."

माझ्या हातात एक बूट तसाच राहिला.

"मग कधी?" मी विचारलं. ठरवून नव्हे, निघून गेलं तोंडातून.

तिच्या मागे काहीतरी प्लॅस्टिकचं पडलं, गडगडत गेलं, कुणीतरी ओरडून हसलं.

"ही दोघं शाळेत जायला लागली की," ती म्हणाली.

जुळी तेव्हा नुकती खुर्च्या-टेबलं धरून उभी राहायला लागली होती. विधान स्पष्ट होतं, निष्कर्ष माझा मला काढता येत होता. त्यात कुठे दोष सापडेना.

"बरं," मी म्हणालो.

"रागावलात?"

"नाही."

"मग गप्प का?"

"तू काही म्हणशील म्हणून थांबलो."

"तुमची ही एक सवयच झालीय आता." तिचा आवाज जरा ओला होता, पण तिकडे सगळ्यांना सर्दी असते. "एक करा माझं. उद्या तो माइक लावा आणि बोलू नका."

"म्हणजे?"

"बोलू नका म्हणजे बोलू नका. चहा टाका, पेपर वाचा, पेपर तपासा, काय करायचं ते करा. तुम्ही शिकवायला लागलात की माझं लक्ष तुमच्यात जातं आणि घर ऐकायचं राहून जातं."

"अगं, पण मी काही बोललोच नाही, तर मी घरात आहे हे तुला कळणार कसं?"

"कळतं," ती म्हणाली. "तुमची खुर्ची करकरते."