तोसेच्या पाठीवरचं लेकरू

आमच्या त्सुगारूच्या खिंडीत हिमबाई, म्हणजे बर्फाच्या वादळात फिरणारी हडळ, भेटली की एकच गोष्ट विचारते, "जरा माझं लेकरू धरता का?" नाही म्हणालात तर दरीत लोटते. घेतलंत तर लेकरू जड जड होत जातं, आणि खाली पडलं की तुमचा जागीच बर्फ होतो. गोन्साकू पैलवान असाच गेला. सापडला तेव्हा दोन्ही हात छातीपुढे धरून उभा होता बिचारा.

तोसे काही पैलवान नव्हती. लहानपणापासून ती दुसऱ्यांची पोरं सांभाळायला राहिलेली. दिवसभर मूल पाठीला बांधून हिंडायचं, त्यातच पाठ वाकली. ज्यांची पोरं तिनं वाढवली त्याच बाया तिला कुबडी म्हणायच्या. मला त्यांचा भारी राग यायचा.

त्या दिवशी ती बंदरावरून मीठ घेऊन परतत होती. खिंडीत वादळ सुटलं आणि समोर पांढरीफटक, अनवाणी बाई उभी राहिली.

"बाई, जरा माझं लेकरू धरता का?"

तोसेला गोन्साकू आठवला. पण मूल हाती येताच तिनं नेहमीचंच केलं. मिठाचं पोतं बाजूला टाकलं, कमरेचा लांब पट्टा सोडला, मूल पाठीवर घेतलं आणि छातीवर गाठ मारली. वरून कापसाचा अंगरखा चढवला.

"हे काय करतेस?" हिमबाई गोंधळली.

"मग काय हातावर नाचवत बसू? चल, मी थांबायची नाही. थांबलं की पोरं रडतात."

उतारावर मूल तांदळाच्या पोत्याएवढं झालं, मग जात्याएवढं. पाठ बधिर झाली. तोसे दात वाजवत गात होती, "रडशील तर कोल्ह्याला देईन, तुझी खीर मीच खाईन." ओढ्यापाशी तिचे गुडघे टेकले. तिला रडू कोसळलं, कारण मरायचं नव्हतं तिला. पण गाठ घट्ट होती, मूल पडत नव्हतं. ती रांगली, मग उठली.

गावात शिरली तेव्हा आम्ही सगळे दारांच्या फटींतून बघत होतो. मागोमाग हिमबाई आली.

"दे आता माझं लेकरू."

"हळू बोल गं. आत्ताच डोळा लागलाय त्याचा. बस तिथं."

आणि हिमबाई खरंच तोसेच्या पायरीवर बसली. वादळही थांबलं. मूल जागं होईतो साऱ्या गावात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग तोसेनं गाठ सोडली आणि मूल तिच्या हाती दिलं. "यापुढे गड्यांकडे देऊ नकोस. मूल कसं घ्यायचं ते त्यांना कळत नाही."

हिमबाई आम्हा सगळ्यांच्या देखत तिच्यापुढे कमरेत वाकली, आणि तोसेनं हात हलवून तिला जायला सांगितलं.