शंखाला ऐकू येतं

जव्हारच्या बंद पडलेल्या भातगिरणीत दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. गिरणीतला तूस कधीच गेला होता, त्याचा वास मात्र भिंतींत मुरला होता आणि आता त्यात धूप मिसळला होता. मधल्या चौथऱ्यावर, पडद्याकडे पाठ करून, शंखनाथ महाराज बसत. समोर माणूस आला की पांढरा शंख कानाला लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "ऐकतोय. तुझ्या वास्तूचा नाद येतोय." मग त्या माणसाने आपल्याच घरात, दार लावून, काय म्हटलं होतं ते सांगत.

एका मुख्याध्यापकांना त्यांनी आजारपणाची रजा टाकून सुरतेच्या लग्नाला गेल्याची आठवण करून दिली. प्रकल्प कार्यालयात कारकून असलेल्या ममताला म्हणाले, "सासूच्या डाळीला परवा नावं ठेवलीस, मुली. वास्तू दुखावली." ममता जागच्या जागी पाया पडली. डाळीचं ती स्वयंपाकघरात, तेही नवऱ्यालाच बोलली होती.

सूर्यमाळच्या पाड्यावरून भिका आपल्या बायकोला, धोंडीबाईला घेऊन यायचा. तिचं पोट दुखायचं. त्यांच्या पाळीला शंख मुका होई. "तुमची वास्तू फार लांब," महाराज म्हणत, "नाद पोहोचत नाही." मग दोघं उन्हातान्हात परत जात. पुढे बसलेल्या मास्तर-कारकून मंडळींना यात आपलं पुण्य दिसे.

सर्वांत पुढे बसायच्या उज्ज्वलाबाई.

आता उज्ज्वलाबाई म्हणजे कोण, तर ज्यांनी उभी हयात सूर्यमाळच्या शाळेत काढली त्या. त्या काळी तिथे कंदिलावर वह्या तपासाव्या लागत आणि जव्हारला यायचं तर एसटी आली तर आली. नारळातून आग काढणाऱ्या एका भगताला बाईंनी भर वर्गात बोलावून तीच आग स्वतः काढून दाखवली होती. लिंबातून रक्त काढणाऱ्या दुसऱ्याच्या सुरीला काय लावलं होतं, ते पाचवीच्या मुलांकडून ओळखून घेतलं होतं. त्या गोष्टी त्या अजून सांगत. ऐकणाऱ्याला पाठ झाल्या तरी सांगत. अशा बाईंना कोणी फसवू शकत नाही याबद्दल जव्हारमध्ये निदान एका व्यक्तीची पक्की खात्री होती, आणि ती व्यक्ती म्हणजे खुद्द बाई.

बाईंचे यजमान वारून बरीच वर्षं झाली होती. संध्याकाळी दिवा लावला की बाई त्यांच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसत आणि दिवसभराचं सगळं सांगत. आणि महाराजांनी पहिल्याच भेटीत तेच शब्दशः सांगितलं. "तुम्ही यजमानांना म्हणालात, गुडघा आता वर चढू देत नाही. ते ऐकतात, माई. मला सांगतात." खोलीत तेव्हा कोणी नव्हतं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळं विज्ञान त्या पाण्याबरोबर गेलं.

पुढच्या गुरुवारी यजमानांचा निरोप आला, की बाहेरची खोली महाराजांच्या श्रवणमंदिराला द्यावी आणि घरात आलेलं परकं पाऊल परत पाठवावं.

परकं पाऊल म्हणजे रविना. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीची, वांगणीच्या सकूची मुलगी. सकू आणि तिचा नवरा दिवाळी झाली की वीटभट्टीवर जात. रविना बाईंकडे राहून बारावी करत होती. इथून निघाली तर ती वांगणीला थांबणार नव्हती. सरळ आईमागून भट्टीवर जाणार होती आणि परीक्षा तिथेच संपणार होती. हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, की पुढच्या शुक्रवारी तू नीघ, यांची तशी इच्छा आहे.

रविनाने फोटोकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "बरं बाई," म्हणाली आणि अभ्यासाला बसली.

बाईंना वाचवलं ते एका मालिकेने.

त्याच आठवड्यात महाराजांना भेटायला बाई मुद्दाम सोमवारीही गेल्या. महाराजांनी शंख कानाला लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "सुनेपासून जपा. ती दुधात काहीतरी कालवते आहे." बाईंना मूलबाळ नव्हतं, मग सून कुठली? शेजारी बसलेल्यांनी ताबडतोब सांगितलं, की गेल्या जन्मीची असेल. बाईंनी मान डोलावली. डोलावली, हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

संध्याकाळी मालिका लागली. आधी कालचं थोडं दाखवतात, तसं दाखवलं. सासू किंचाळली, "सूनबाई, या दुधात काय कालवलंस?" बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज एसटी डेपोपर्यंत जाईल इतका मोठा होता. बाईंच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला.

यांना वरून ऐकू येत असतं, तर मालिका कुठली आणि घर कुठलं एवढं नक्की कळलं असतं. जिवंतपणी मालिका लागली की ते उठून ओट्यावर जाऊन बसत. म्हणजे या खोलीत ऐकणारं दुसरंच कोणीतरी होतं आणि त्याला दिसत काहीच नव्हतं.

बाईंची नजर फोटोखालच्या डब्यावर गेली.

तो इंटरनेटवर चालणारा बोलका डबा कमलेश मोबाइलवाल्याने बसवून दिला होता. हाक मारली की आरती लावायचा, गोळीची आठवण करायचा. जव्हारमध्ये फोन घ्या नाहीतर डबा घ्या, तो चालू करून द्यायचं काम दुकानदाराचंच. ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा. गिऱ्हाइकाचा फक्त चहा. बाईही म्हणाल्या होत्या, "तूच टाक रे तुझं काहीतरी, मला काय कळतंय." आणि फोटोशी बोलताना कधी कधी डब्याच्या कडेने हिरवा उजेड फिरायचा, तेव्हा यांचा होकार समजून बाईंनी चक्क हात जोडले होते.

ठाण्याला राहणाऱ्या भाच्याला, पंकजला त्यांनी फोन केला. आधी बाहेर अंगणात गेल्या. आमच्या गल्लीतल्या एका बाईचं विचारतेय, असं सांगितलं.

पंकज म्हणाला, "मामी, त्या बाईंचा डबा ज्याच्या खात्यावर आहे, त्याला त्याच्या फोनवर सगळं दिसतं. ती डब्याला काय म्हणाली तेही. आणि मनात आलं तर तो फोनवरून त्या खोलीत कान लावून बसू शकतो. तेव्हा दिवा हिरवा होतो."

"त्या बाई फारच भोळ्या दिसतात," बाई म्हणाल्या.

"शिकलेल्या नसतील."

"नसतील," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

शाळेत त्यांनी शिकवलं होतं, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मंगळवारी डबा चालू ठेवून त्या फोटोला म्हणाल्या, "अहो, माझं डोरलं मी मोखाड्याच्या बहिणीला, चिमीला द्यायचं ठरवलंय." त्यांना बहीणच नव्हती. बुधवारी डब्याची वायर काढली आणि फोटोला खरं ते सांगितलं.

गुरुवारी गिरणी भरली. महाराजांनी शंख कानाला लावला. "डोरलं बहिणीला देऊ नका, माई. चिमीची नियत चांगली नाही. ते वास्तूला अर्पण करा."

"बरं," बाई म्हणाल्या. "आणि काल मी यांना काय म्हणाले?"

महाराजांनी डोळे मिटले. शंख या कानाचा त्या कानाला गेला. "काल... नाद अस्पष्ट आहे."

"काल मी म्हणाले, की रविना कुठेही जाणार नाही. मोठ्याने म्हणाले. फक्त डब्याची वायर काढून म्हणाले." बाई लोकांकडे वळल्या. "मला चिमी नावाची बहीण नाही. आता ज्यांच्या घरी कमलेशने बसवलेला डबा आहे, त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. ज्यांच्यासाठी शंख बोलला होता त्या सगळ्यांचे हात वर होते. मागे भिका तेवढा हात खाली ठेवून उभा होता. "आमच्याकडं लाइटच नाय, डबा कुठला," तो म्हणाला. आणि सहज, काय आहे बघावं म्हणून त्याने पुढे येऊन चौथऱ्यामागचा पडदा सारला. मागे कमलेश बसला होता, हातात फोन आणि तोंडाशी माइक घेऊन.

बाईंनी शंख घेऊन पालथा केला. आतून शेंगदाण्याएवढा इअरफोन खाली पडला.

महाराज म्हणाले की ही त्यांच्या गुरूंची विभूती आहे. ममताने तिकडे लक्ष दिलं नाही. ती कमलेशसमोर जाऊन उभी राहिली. "माझ्या घरचा डबा उघड. इथे, सगळ्यांसमोर." कमलेश नाही नाही म्हणत होता, पण माणसं जवळ आली होती. त्याने फोनवर बोट ठेवलं, आणि त्या भरल्या गिरणीत ममताच्या सासूचा आवाज आला. सासू शेजारणीला सांगत होती:

"गेली पुन्हा त्या शंखाकडे. आणि डाळीला नावं ठेवते म्हणे. स्वतःची कढी चाखलीय का कधी?"

कोणी हसलं नाही. प्रत्येक जण आपापल्या घरात काय काय बोललो ते आठवत होता.

बाईंना तेव्हा भाषण करायचं नव्हतं, पण सवय जात नाही. त्या म्हणाल्या, "डबा वाईट नाही. गोळीची आठवण करतो, मी ठेवणार आहे. पण खातं आपल्या नावावर करा, पासवर्ड दुसऱ्याला देऊ नका, आणि नको तेव्हा त्याचा माइक बंद करा. आपल्या मनातलं कोणी सांगितलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, की याला हे कळलं कुठून. मी विचारलं नाही. मी पहिल्या रांगेत होते." मग धोंडीबाईचा हात धरून म्हणाल्या, "आणि तू आधी दवाखान्यात चल."

पोलीस आले, कमलेशच्या दुकानाला कुलूप लागलं, महाराजांना नाशिकच्या एसटीतून उतरवून घेतलं. काही जण अजून म्हणतात की शंख खराच होता, कमलेशने बिघडवला.

संध्याकाळी बाई घरी आल्या. रविनाला जे म्हणायचं ते वाटेत जुळवून आणलं होतं, पण दारातच विसरल्या. "पिशवी सोड आता," एवढंच म्हणाल्या.

"भरलीच नव्हती," रविना म्हणाली. "तुम्हाला कळंल म्हणून थांबले. तुम्हाला कळतं, बाई. फक्त उशिरा."

बाईंना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्या डब्याजवळ बसल्या, रविनाकडून जुनं खातं काढून टाकून नवं स्वतःच्या नावाने उघडवून घेतलं, आणि पासवर्डची वेळ आली तेव्हा ऐटीत म्हणाल्या, "आता तोंड तिकडे कर. हा कोणालाही कळता कामा नये. तुलासुद्धा."

रविनाने भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी चष्मा सावरला आणि एकेक अक्षर शोधून, वर्गात शुद्धलेखन घालावं तसं खणखणीत म्हणत, दाबायला सुरुवात केली.

भिंतीकडे तोंड करूनच रविना म्हणाली, "बाई, मनात म्हणा."